वणव्याचा धूर : शास्त्र आणि समाजशास्त्र

पर्यावरण हा शब्द आपल्या बैठकीत कोणी उच्चारला की बहुतेक कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा उमटतो. तो समजण्यासारखा आहे. आपल्याकडे हा शब्द आला तोच मुळी वाघ, पक्षी आणि सुट्टीतली अरण्ये सोबत घेऊन. ज्यांना पाणवठ्यावर बंदी होती त्यांच्या पाण्याचा प्रश्न त्यात नव्हता, आणि ज्यांच्या वस्तीशेजारी गावाचा उकिरडा होता त्यांच्या हवेचाही नव्हता. त्यामुळे हा प्रश्न पोट भरलेल्यांचा आहे असे आपण ठरवून टाकले आणि पुढे गेलो.

पण हवेच्या बाबतीत आणखी एक समजूत आपल्या मनात घर करून बसलेली आहे. पाणवठा वेगळा करता येतो, वस्ती गावकुसाबाहेर ठेवता येते, पंगत निराळी मांडता येते; हवा कशी निराळी करणार? ती तरी सर्वांची एकच! समतेचे एवढे एक क्षेत्र निसर्गानेच राखून ठेवले आहे असे वाटावे. ही समजूत कितपत खरी आहे हे तपासण्यासाठी मी प्रस्तुत लेखात वणव्याच्या धुराचे उदाहरण घेतो. कारखान्याच्या धुराचा मालक दिसतो, गिरणीच्या धुराड्यावर नाव असते. वणव्याचा धूर मात्र निसर्गाच्या नावावर जमा होतो, आणि निसर्गाला जाब विचारायचा नसतो. म्हणूनच हे उदाहरण अधिक बोलके आहे.

७ जून २०२३ रोजी न्यूयॉर्क शहरावरचे आकाश नारिंगी झाले. त्या वर्षी कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळाले. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्या क्षेत्रफळाइतके. क्वेबेक प्रांतातील आगींचा धूर वाऱ्याबरोबर शेकडो मैल दक्षिणेला आला. ही छायाचित्रे जगातल्या सर्व वृत्तपत्रांनी छापली आणि धूर हा जगाचा प्रश्न आहे असे जगाला त्या दिवशी समजले. परंतु त्याआधी आठ वर्षे, २०१५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, इंडोनेशियातील कालिमंतान म्हणजे बोर्निओ बेटाच्या मोठ्या भागावर आठवड्यामागून आठवडे पिवळे आकाश होते. तेथील पालांकाराया या शहरात हवेचा निर्देशांक दोन हजारांच्या आसपास पोचला होता. तीनशेच्या वर गेला की ज्याला ‘धोकादायक’ म्हणतात, तोच हा निर्देशांक. ही छायाचित्रे आपल्यापैकी किती जणांनी पाहिली? म्हणून न्यूयॉर्कचे सविस्तर वर्णन इतरांवर सोपवून मी मुख्यतः कालिमंतान आणि सुमात्रा यांच्याविषयी लिहिणार आहे.

त्यापूर्वी धूर म्हणजे काय हे नीट समजून घेऊ. आपल्या सभांतून ‘प्रदूषण’ हा शब्द फार ढोबळपणे वापरला जातो.

लाकूड पूर्णपणे जळाले तर मागे उरतात ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि थोडी राख. पण जंगलात काय किंवा चुलीत काय, असे पूर्ण ज्वलन होत नाही. इंधनात ओल असते, हवा अपुरी पडते, उष्णता कमी पडते. मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, बेंझीन आणि फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात, आणि काजळी व डांबरासारख्या पदार्थांचे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात. माझ्या आईने आयुष्यभर पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या जाळल्या. पावसाळ्यात ओली पऱ्हाटी फुंकणीने फुंकता फुंकता ती म्हणायची, “जाळ असला की धूर न्हाई, धूर असला की जाळ न्हाई.” पुढे रसायनशास्त्र शिकताना आणि आता ते शिकवताना, भडकून जळणे आणि धुमसून जळणे यांतला भेद सांगायला मला याहून नेमके वाक्य सापडलेले नाही. भडकणाऱ्या आगीत उष्णता जास्त आणि धूर त्या मानाने कमी. धुमसणाऱ्या आगीत ज्वाळा दिसत नाही, पण तितक्याच इंधनातून कणांचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण कितीतरी पटीने वाढते.

या कणांपैकी ज्यांचा व्यास अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो त्यांना पीएम २.५ म्हणतात. माणसाचा केस साधारणपणे पन्नास ते सत्तर मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे हे कण केसाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनही बारीक. त्यांचे सारे उपद्रव या बारीकपणातून येतात. जाड धूळ नाकातल्या केसांत आणि घशातल्या कफात अडकते आणि शिंकेवाटे, खोकल्यावाटे बाहेर पडते. हे कण मात्र फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वायुकोशांपर्यंत जातात, तेथे दाह निर्माण करतात, आणि त्यांतले सर्वांत बारीक रक्तातही उतरतात. म्हणून धुराने केवळ दमा आणि खोकला होतो असे नाही. हृदयविकार आणि पक्षाघात यांचे प्रमाणही वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली घालून दिलेली मर्यादा दर घनमीटर हवेत चोवीस तासांच्या सरासरीने १५ मायक्रोग्रॅम अशी आहे. भारताची अधिकृत मर्यादा ६० आहे. भारतीय फुफ्फुस चौपट मजबूत असते असा कोणताही शास्त्रीय पुरावा माझ्या वाचनात नाही.

बारीकपणाचा दुसरा परिणाम असा की हे कण लवकर खाली बसत नाहीत. पाऊस पडला नाही तर ते कित्येक दिवस हवेत तरंगत राहतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर प्रवास करतात. एखाद्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची हवा गरम अशी उलटी रचना झाली, तर वरचा थर झाकणासारखा बसतो आणि धूर खालीच कोंडला जातो. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे गावावर धुराचा सपाट पट्टा लटकलेला दिसतो तो याच कारणाने. प्रवासात धूर जसाच्या तसा राहत नाही हेही लक्षात घ्यायला हवे. त्यातील वायूंवर ऊन पडून रासायनिक क्रिया होतात, त्यातून नवे कण आणि जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. म्हणजे आग जिथे लागली त्या गावापेक्षा दोनशे मैल दूरच्या गावात ओझोनचा त्रास अधिक, असेही घडू शकते. ‘आग तिकडे, आपल्याला काय’ हा हिशेब येथे चालत नाही.

आता वणव्याच्या धुराची जात कोणती, असा प्रश्न काही विद्यार्थ्यांनी मला विचारला आहे. म्हणजे लाकडाचा धूर नैसर्गिक असल्यामुळे मोटारीच्या धुरापेक्षा सौम्य असतो का? दक्षिण कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या अनेक वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. पीएम २.५ चे प्रमाण दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले, तर श्वसनविकाराने रुग्णालयात दाखल होणारे एरवी एका टक्क्याच्या आसपास वाढतात. तीच वाढ वणव्याच्या धुरामुळे झाली असेल तर ते १.३ टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत वाढतात, असे त्यात दिसून आले. शिवाय आजचा वणवा केवळ झाडे जाळत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव जळाले, ८५ माणसे मेली. घरे, मोटारी, जुने रंग, तारा सारे त्यात जळाले, आणि दीडशे मैलांवरच्या गावातल्या हवेतही शिसे सापडले.

एवढे शास्त्र लक्षात घेऊन आपण इंडोनेशियाकडे वळू.

सुमात्रा आणि कालिमंतान येथील सखल प्रदेशात पीट नावाची एक जमीन आहे. तिला माती म्हणणेही तसे बरोबर नाही. दलदलीत पडलेली झाडे, मुळे, पाने पाण्याखाली राहिल्यामुळे पूर्ण कुजत नाहीत. हजारो वर्षे ती एकावर एक साचत जातात आणि स्पंजासारखा काळा थर तयार होतो. काही ठिकाणी तो दहा मीटरपेक्षाही खोल आहे. तिच्या वजनाचा बहुतेक भाग पाण्याचाच असतो. अशी जमीन पेटू शकत नाही. भिजलेल्या स्पंजाला काडी लावून पाहावी! मग ती पेटली कशी?

ती आधी वाळवण्यात आली. १९९५ च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी मध्य कालिमंतानातील सुमारे दहा लाख हेक्टर पीट जमिनीवर भातशेती करण्याचा हुकूम काढला. देश तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण करायचा होता. चार हजार किलोमीटरपेक्षा अधिक लांबीचे कालवे खणले गेले. आपल्याकडे कालवा म्हटले की पाणी आणणारा. हे कालवे पाणी काढून नेणारे होते. जंगल तोडले गेले, लाकूड विकले गेले. जावा बेटावरील भूमिहीन कुटुंबांना जमिनीचे आश्वासन देऊन तेथे नेऊन बसवण्यात आले. त्या आम्लधर्मी जमिनीत भात पिकला नाही. प्रकल्प गुंडाळला गेला, लाकडाचे पैसे ज्यांना मिळायचे त्यांना मिळाले, आणि मागे राहिली ती वाळलेली जमीन, फसलेली माणसे आणि कालवे. निकृष्ट जमीन भूमिहीनाच्या माथी मारून वर उपकाराची भाषा बोलण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही.

१९९७ साली एल निनोमुळे पाऊस लांबला आणि ही वाळलेली जमीन पेटली. पीटची आग वरवर दिसत नाही. ती जमिनीखाली धुमसत पसरते, आठवडे आठवडे, महिने महिने. वरून पाणी ओतून ती विझत नाही. पावसाळा येऊन भूजल वर चढावे लागते. आईच्या वाक्यातला दुसरा भाग येथे लक्षावधी हेक्टरांवर खरा झाला होता. त्या एका वर्षात इंडोनेशियाच्या पीट आगींतून जेवढा कार्बन बाहेर पडला तो, जगाने त्या वर्षी कोळसा व तेल जाळून सोडलेल्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के एवढा होता, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २००२ साली मांडला. त्या सप्टेंबरात सुमात्रातील मेदान विमानतळाजवळ धुराने दृष्टी अडवलेल्या हवेत एक प्रवासी विमान डोंगराला धडकून २३४ माणसे मेली. ही बातमी झाली. पण धुराने मारलेल्या इतरांची बातमी झाली नाही, कारण त्यांच्या मृत्यूचे प्रमाणपत्र ‘धूर’ असे म्हणत नव्हते. ते न्यूमोनिया म्हणत होते, हृदयक्रिया बंद पडली म्हणत होते, आणि पुष्कळदा प्रमाणपत्रच नव्हते.

या न मोजलेल्यांना मोजण्याचा एक प्रयत्न मला फार महत्त्वाचा वाटतो. अर्थशास्त्रज्ञ सीमा जयचंद्रन यांनी इंडोनेशियाची २००० सालची जनगणना घेतली आणि कोणत्या महिन्यात जन्मलेली किती मुले कोणत्या भागात हयात आहेत ते पाहिले. दुसरीकडे १९९७ साली कोणत्या भागावर किती धूर होता याची उपग्रहाने घेतलेली नोंद होती. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसले ते असे की, जी मुले त्या धुराच्या महिन्यांत आईच्या पोटात होती त्यांची संख्या असायला हवी होती त्यापेक्षा कमी आहे. सुमारे १५,६०० मुले नव्हती. काही पोटातच गेली, काही जन्मून गेली. आणि ही घट गरीब भागांत अधिक होती. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. कोणत्याही दवाखान्याच्या वहीत ज्यांचे नाव नाही त्यांचा पुरावा शिरगणतीतल्या रिकाम्या जागेतून निघाला. ‘नोंद नाही म्हणजे घटना नाही’ असे उत्तर ज्यांना कचेरीच्या खिडकीवर नेहमी मिळते, त्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही पद्धत अवश्य समजून घ्यावी.

पुढच्या अठरा वर्षांत त्या कालव्यांचे जाळे वाढलेच. आता भाताऐवजी तेलाचा पाम आणि कागदाच्या लगद्यासाठी बाभळीच्या जातीची झाडे आली. पाम उभ्या पाण्यात वाढत नाही; पाण्याची पातळी खाली ठेवावी लागते. जमीन साफ करण्यासाठी यंत्रापेक्षा आगपेटी स्वस्त पडते. २०१५ साली पुन्हा एल निनो आला आणि २६ लाख हेक्टर जळाले. त्या ऋतूत वारे आग्नेयेकडून आणि दक्षिणेकडून वाहतात, म्हणून धूर मलेशिया आणि सिंगापूरवर गेला. सिंगापूरने २५ सप्टेंबरला शाळा बंद ठेवल्या. जागतिक बँकेने इंडोनेशियाचे नुकसान १६०० कोटी डॉलर धरले. २००४ च्या त्सुनामीनंतर आचे प्रांत पुन्हा उभारायला जेवढा खर्च आला त्याच्या दुपटीहून अधिक. श्वसनाच्या तीव्र विकाराचे पाच लाखांहून अधिक रुग्ण सरकारनेच मान्य केले. मृत्यू मात्र सरकारी हिशेबात दोन डझनांच्या आत राहिले. हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांतील संशोधकांनी २०१६ साली काढलेला अंदाज १,००,३०० अकाली मृत्यूंचा आहे. त्यांपैकी सुमारे ९१,६०० इंडोनेशियातले, ६,५०० मलेशियातले आणि २,२०० सिंगापुरातले. सरकारला हा आकडा मान्य झाला नाही. तो गणिती प्रतिमानावर आधारलेला अंदाज आहे हे खरेच, आणि आपणही तो अंदाज म्हणूनच वापरावा. पण दोन डझन हा आकडा मृतांची मोजणी नव्हती. धुराने मेला असे कागदावर लिहिले गेले तेवढ्यांची ती मोजणी होती.

येथे मोजमापाविषयी एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे. इंडोनेशियाचा अधिकृत हवा निर्देशांक त्या काळी पीएम १० वर आधारलेला होता, पीएम २.५ चा स्वतंत्र समावेश त्यात २०२० साली झाला. म्हणजे जो कण सर्वांत घातक त्याला हिशेबात स्वतंत्र जागाच नव्हती. आणि निर्देशांक कोणता का असेना, मापनयंत्र जिथे बसवले तेथलीच हवा मोजली जाते. यंत्र शहरात असते, पीटच्या कडेच्या खेड्यात नसते. आपल्याकडेही मुंबई, पुणे, नागपूर यांच्या हवेचे आकडे रोज वर्तमानपत्रात येतात. ज्या तालुक्याच्या गावात मी शिकवतो तेथे ऊस जाळला जातो, वीटभट्ट्या आहेत, कचरा पेटतो. पण तेथील हवा अधिकृतरीत्या वाईटही नाही आणि चांगलीही नाही.

आग कोणी लावली, या प्रश्नाचे उत्तर मोठे उद्बोधक आहे. दर वेळी पहिले बोट उचलले जाते ते डायाक आदिवासी शेतकऱ्याकडे आणि छोट्या कास्तकाराकडे. डायाक लोक पिढ्यान्‌पिढ्या फिरती शेती करीत आले. छोटा तुकडा, वाऱ्याची दिशा पाहून, कडेने पट्टा साफ करून, शेजाऱ्यांना बोलावून जाळायचा ही त्यांची पद्धत. इंडोनेशियाच्या २००९ च्या पर्यावरण कायद्यानेच स्थानिक परंपरा म्हणून कुटुंबामागे दोन हेक्टरपर्यंत अशा जाळण्याला मुभा दिली होती. २०१५ नंतर प्रत्यक्षात बंदीचा बडगा उगारला गेला. ज्याच्याकडे आगपेटीशिवाय दुसरे अवजार नाही त्याला पकडणे सोपे असते. सर्व आगी कंपन्यांनीच लावल्या असे म्हणणे अर्थात खोटे ठरेल. कंपन्यांच्या जमिनीबाहेरही पुष्कळ क्षेत्र जळाले, आणि लहान शेतकऱ्यांनीही पीटवर पाम लावण्यासाठी आग लावली आहे. पण काडी कोणी ओढली एवढाच प्रश्न विचारला की जमीन कोणी वाळवली हा प्रश्न आपोआप मागे पडतो. ओल्या पीटवर हजार काड्या ओढल्या तरी धूर होत नाही. अपराध काडीत शोधायचा की कालव्यात, हे कोण ठरवतो त्यावर शिक्षा कोणाला होणार ते ठरते.

मुंबईतील देवनारची आग आठवून पाहा. २०१६ च्या जानेवारी अखेरीस १९२७ पासून साचत आलेला तो कचऱ्याचा डोंगर पेटला. त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, महापालिकेच्या अनेक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी येथील माणसे तो धूर गिळत राहिली. ती बहुतांशी दलित आणि मुसलमान. आणि संशयित म्हणून पुढे आले कोण? भंगारवाले आणि कचरावेचक. नव्वद वर्षे शहराचा कचरा तेथे कोणी टाकला, कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणाऱ्या मिथेनचा बंदोबस्त का झाला नाही, हे प्रश्न नंतरचे. विदर्भातील आणि मेळघाटातील वणव्यांच्या बातम्यांतही मोहफुले वेचणारा आणि तेंदूपाने तोडणारा आदिवासी हाच आरोपी ठरलेला असतो. आग त्याच्याकडून लागत नाही असे नाही. पण तेंदूच्या ठेक्याचा नफा ज्याच्याकडे जातो त्याचे नाव त्या बातमीत नसते.

हवा सर्वांची एक, ही समजूत कुठे फुटते तेही पाहू. धूर आला की सरकार सांगते : घरात राहा, दारे-खिडक्या लावा. ज्याचे घर पक्क्या भिंतींचे, काचेच्या तावदानांचे आणि हवा गाळणाऱ्या यंत्राचे, त्याच्या घरात कणांचे प्रमाण पुष्कळ कमी होते. लाकडी फळ्यांच्या फटींतून जेथे उजेड येतो तेथे धूरही येतो. ज्याची मजुरी रोजची आहे तो घरात राहू शकत नाही. मळ्यावर, रस्त्यावर, बांधकामावर त्याला जावेच लागते, आणि कष्ट करणारा माणूस बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतो. म्हणजे त्याच हवेचा त्याचा डोस मोठा. तोंडावर बांधलेले फडके किंवा शस्त्रक्रियेचा साधा मास्क हे कण फारसे अडवत नाही. घट्ट बसणारा एन ९५ मास्क अडवतो, पण तो महाग असतो आणि सारखा बदलावा लागतो.

अमेरिकेतही चित्र फार वेगळे नाही, म्हणून दोन शब्द त्याविषयी. जून २०२३ च्या धुरात न्यूयॉर्क राज्यात दम्यासाठी आपत्कालीन विभागात येणाऱ्यांची संख्या ७ जूनला नेहमीपेक्षा ८२ टक्क्यांनी वाढली. ब्राँक्सच्या दक्षिण भागाला लोक पूर्वीपासूनच ‘दम्याची गल्ली’ म्हणतात. तेथे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो माणसे राहतात, महामार्ग आणि मालमोटारींचे अड्डे त्यांच्या उशाशी आहेत. फुफ्फुसे आधीच जायबंदी असतील तर तोच धूर अधिक मारतो. कॅलिफोर्नियात द्राक्षे तोडणारे मेक्सिकन मजूर धुरात काम करीत राहिले, तेव्हा २०१९ साली नियम करावा लागला की निर्देशांक १५१ झाला की मालकाने श्वसनरक्षक मास्क पुरवावेत. आणि तेथे आग विझवायला कैदी नेले जातात. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगीत नऊशेहून अधिक कैदी लढत होते. त्यांची मजुरी दिवसाला सुमारे सहा ते दहा डॉलर, आणि प्रत्यक्ष आगीवर असताना तासाला एक डॉलर अधिक. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कायदा होऊन ती तासाला सव्वासात डॉलर झाली. घाण आणि जोखमीची कामे कोणाच्या वाट्याला येतात, हा नियम समुद्र ओलांडल्याने बदलत नाही.

आता एक अडचणीचा मुद्दा. कालिमंतानच्या धुराशी आपला संबंध काय? संबंध आपल्या कढईत आहे. भारत हा जगातला पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार देश आहे आणि ते तेल प्रामुख्याने इंडोनेशिया व मलेशियातून येते. गाडीवरचा वडा, एस.टी. स्टँडवरची भजी, पोरांच्या हातातले पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट आणि अंगाचा साबण, यांत ते असते. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला त्यात रवा, चणाडाळ, साखर यांच्याबरोबर एक लिटर पामतेल होते. शेंगदाण्याचे तेल परवडत नाही त्याच्या घरात हे तेल येते. सर्वच पामतेल पीटवरच्या मळ्यांतले असते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. पण युरोपातले सुखवस्तू ग्राहक ‘पामतेल नको’ म्हणून डब्यावरचे लेबल वाचतात, तसे करायला वडापाववाल्याला आपण सांगू शकत नाही. गरिबाचे स्वस्त तेल दुसऱ्या गरिबाच्या फुफ्फुसाच्या किमतीवर स्वस्त होते, अशी ही रचना आहे. ती ग्राहकाच्या सदसद्विवेकाने मोडणार नाही. पीट वाळवण्यावर बंदी आणि पाण्याच्या पातळीवर देखरेख यांनीच मोडेल. इंडोनेशियाने कागदावर ते केलेही आहे. भूजल जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ देऊ नये असा नियम आहे, आणि जानेवारी २०१६ मध्ये वीस लाख हेक्टर पीट पुन्हा ओले करण्यासाठी स्वतंत्र संस्था नेमली गेली. कालव्यांवर बांध घातले गेले. तरीही २०१९ साली सोळा लाख हेक्टर जळाले, आणि सुमात्रातील जांबी प्रांतात एका दुपारी आकाश लालभडक झाले.

आंतरराष्ट्रीय करारांची कथा थोडक्यात सांगता येते. आग्नेय आशियातील देशांनी धुराविषयी २००२ साली करार केला. ज्या देशातून धूर निघतो त्या इंडोनेशियाने त्याला मान्यता दिली ती २०१४ मध्ये. करारात शिक्षेची तरतूद नाही.

लोकांनी केले ते अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे. पालांकारायाच्या काही नागरिकांनी २०१६ साली थेट राष्ट्राध्यक्ष, मंत्री आणि प्रांताचे राज्यपाल यांच्यावर दावा लावला. नुकसानभरपाईचे पैसे त्यांनी मागितले नाहीत. त्यांच्या मागण्या अशा होत्या : कायद्याचे नियम करा, कोणत्या कंपनीला कोणती जमीन दिली ते जाहीर करा, धुराने आजारी पडणाऱ्यांसाठी फुफ्फुसांचे मोफत रुग्णालय उभारा, धूर येईल तेव्हा माणसांना राहता येईल अशा शुद्ध हवेच्या जागा तयार करा. २०१७ च्या मार्चमध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने तो कायम केला. २०१९ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. सरकारने फेरविचाराचा अर्ज केला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य करून सरकारला मोकळे केले.